आधी बंद, मग तपास

२ फेब्रुवारी, सोमवार

बसवलं एकदाचं! दोन तास गेले, तीनदा कॉम्प्युटर बंद-चालू केला, पण फिल्टर चालू झाला. मुद्दाम एक शिवी टाइप करून पाहिली. लगेच पडद्यावर लाल हात — हे पान तुमच्यासाठी नाही. घ्या! बेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि माझ्यासाठीसुद्धा नाही.

कारण कालचं. भिंगरी भूगोलाचा प्रकल्प करत होती, ज्वालामुखीचा. मी मागून चहा घेऊन आलो, तर ज्वालामुखीच्या शेजारच्या चौकटीत नको ती बाई नको त्या अवस्थेत. पोरीनं पटकन हातानं झाकली. तिनं झाकली! पाचवीतल्या पोरीनं, बापाला लाज वाटू नये म्हणून. मला घाम फुटला. घरात आई नाही. मी दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या लिफ्टमध्ये डोकं घालून बसलेला. दुपारी साडेबाराला शाळा सुटते, तेव्हापासून मी येईपर्यंत घरात पोर आणि कॉम्प्युटर, दोघंच.

फिल्टरनं वय विचारलं. चार पर्याय होते. मी सगळ्यात खालचा दाबला — सात वर्षांखालील. भिंगरी पावणेअकराची आहे. माझा जोडीदार (आम्ही दोघं मिळून एकवीस लिफ्ट सांभाळतो) फोनवर खो खो हसला. म्हणे, आता तिला राक्षसाची गोष्टसुद्धा दिसायची नाही. न दिसू दे. लिफ्टमध्ये जरा कुठे खुट्ट झालं की आम्ही काय करतो? आधी बंद, मग तपास. लोक शिव्या घालत जिने चढतात, पण चढतात ना. खाली तर पडत नाहीत.

भिंगरीला आवडलं नाही. "माझ्यावर वॉचमन ठेवलास?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही गं, बाहेरच्यांवर. तिनं नाक मुरडलं.

ही वही कंपनीची, लिफ्टच्या देखभालीची. एक जास्तीची आली होती. दोष, उपाय, सही असे रकाने आहेत, मी सरळ त्यांच्यावरून लिहितोय. कुणाशी तरी बोलायला हवं ना. जोडीदाराला सांगावं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या गोडाऊनला माहीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

रोज संध्याकाळी सातला फिल्टरचा अहवाल येतो. भिंगरीनं काय लिहिलं ते अख्खं दाखवत नाही, फक्त पकडलेला शब्द, आणि पुढे त्याचा गुन्हा. आजचे आरोपी — लाव्हा : धोकादायक पदार्थ. अंडी : प्रजनन. बाण : शस्त्र. गाढव : अपशब्द.

हसून हसून पुरेवाट झाली. भिंगरीलाही वाचून दाखवलं. ती काही हसली नाही. ज्वालामुखी तिनं शेवटी न पाहता, मनानंच काढला, एखाद्या फुटक्या माठासारखा दिसतोय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचा फोन. बायको गेल्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं ताईचं एकच टुमणं — पोरीला माझ्याकडे पाठव. तुझं काम असं, तुझं जेवण असं, मुलीच्या जातीला घरात एक बाईमाणूस लागतं. मी फुशारकीनं फिल्टरचं सांगितलं. म्हणाली, "यंत्र लावून पोर वाढते का रे?"

डोकं फिरलं माझं. वाट्टेल ते बोललो. थोरली बहीण आहे, मला कडेवर घेऊन फिरलेली, आणि मी फोन आपटला. तिचं चुकत नाही, तेच तर डोक्यात जातं! पण भिंगरी गेली तर या घरात मी काय भिंतींशी बोलू? नाही देणार. काही झालं तरी नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल — रक्त : हिंसा. सहा वेळा. विज्ञानात रक्ताभिसरण आलं असणार. विचारलं तर "हं" म्हणाली आणि झोपायला गेली. आठ पण वाजले नव्हते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घाईत खरडतोय. अक्षर लागलं नाही तरी चालेल, मलाच वाचायचं आहे.

रक्त, नऊ वेळा. मरणे, चार वेळा. दुखणे, पाच वेळा. आणि पुढे आज हिंसा नाही. लाल अक्षरात — स्वतःला इजा. खाली एक ओळ : पाल्याशी तातडीने बोला.

बोला म्हणे! काय बोलू? आधी वाटलं यंत्र येडं आहे, गाढवाला शिवी म्हणतंय, याचं काय मनावर घ्यायचं. पण चार वेळा मरणे? जेवताना विचारलं, शाळेत काही झालं का. नाही. कुणी काही बोललं? नाही. मी रागावलो का कधी? नाही, बाबा. भातात बोटं फिरवत बसली होती. चेहरा पांढराफटक.

आई गेली तेव्हा ही महिनाभर रडली नव्हती. आईला पोटाचा आजार आहे, एवढंच सांगितलं होतं मी तिला. नंतरही तेवढंच. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं, पोर सावरली. लोकही म्हणायचे, किती समंजस आहे. ते सगळं आत साठून राहिलं असेल का? दोन वर्षं?

ताईला फोन लावायला घेतला आणि ठेवला. हे कळलं तर पहिल्या गाडीनं येईल आणि पोरीला घेऊन जाईल. आणि कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेपाचला उठून घर तपासलं. दोन्ही सुऱ्या, कात्री, सालं काढायचं पातं, दाढीची ब्लेडं, तापाच्या गोळ्या, बाथरूममधलं फिनेल. सगळं हत्यारांच्या पेटीत घालून कामावर नेलं. जोडीदारानं पेटी उघडली, सुरी हातात घेतली, म्हणाला, आता लिफ्टमध्ये कांदा कापतोस का? मी हसलो. कसं हसू आलं देव जाणे.

घरी कापायला काही नाही म्हणून पाव हातानं तोडला आणि टोमॅटो चमच्यानं चिरडला. भिंगरी बघत होती. "सुरी कुठे गेली?" हरवली म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलतोय हे तिला पक्कं ठाऊक आहे.

सकाळी एक चांगलं पाहिलं. दोरीवर तिचा शाळेचा स्कर्ट, ओला. स्वतः धुतला तिनं, मी न सांगता! मरायचं मनात असलेली पोर उद्याचे कपडे धुऊन ठेवेल का? या एका गोष्टीवर मी दिवसभर तग धरला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मी वाईट केलं. पण दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी ती बाथरूममध्ये गेली. दहा मिनिटं. वीस. नुसतं पाणी वाहत होतं. हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. मग "येते" — अगदी बारीक आवाज. पस्तीस मिनिटांनी बाहेर आली, डोळे लाल. मनगटं पाहिली मी. हात धरून, उजेडात नेऊन, दोन्ही मनगटं पाहिली. काही नव्हतं. ती हात सोडवायला बघत होती.

मग स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बाथरूमची कडी काढून टाकली. आतली, बाहेरची, दोन्ही. ती शेजारी उभी. नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा म्हणाली, "आत्याला फोन लावू का, बाबा?"

मी नको म्हणालो. जोरात म्हणालो. आत्याला यातलं काही सांगायचं नाही, कळलं? ती "बरं" म्हणाली.

तेव्हापासून ती बाथरूमला गेली की दाराला आतून बादली लावते. भरलेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धा दिवस कामाला दांडी मारून शाळेत गेलो. तिचे वर्गशिक्षक म्हणजे यंदा निवृत्त व्हायला आलेले गृहस्थ, भला माणूस, पण कानाला कमी. मला कॉरिडॉरमध्ये ओरडून बोलावं लागत होतं, आणि बोलायचं काय तर हे! शेवटी एवढंच विचारलं, हल्ली कशी आहे?

म्हणाले, अभ्यासाला नाव ठेवायला जागा नाही. या आठवड्यात मात्र खेळाच्या तासाला बाकावर बसून असते. उकाड्यातसुद्धा कमरेला जाकीट. आणि हो, आपली रंगीत पेनांची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मी विचारलं तर म्हणाली, मला आता लागणार नाहीत. "फार दिलदार मुलगी आहे हो तुमची," सर म्हणाले.

ती पेटी तिनं मागच्या वाढदिवसाला सहा महिने मागून मागून घेतली होती. कुणाला हात लावू देत नव्हती. मी शाळेच्या जिन्यात बसलो. शिपाई पाणी घेऊन आला.

मदत मागणार कुणाकडे? सांगणार कुणाला? एकवीस इमारतींतली माणसं रोज माझ्या भरवशावर वर-खाली करतात. घरात एक पोर आहे, ती नाही सांभाळता येत मला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रजा टाकली. साहेबानं विचारलं किती दिवस, मी म्हटलं कळवतो. जोडीदारानं एकवीसच्या एकवीस लिफ्ट अंगावर घेतल्या, चकार शब्द न काढता. त्याच्याबद्दल वर काय काय लिहिलंय ते खोडायला हवं.

भिंगरीला सांगितलं, आता मी घरीच आहे. वाटलं खूश होईल. ती उभी होती ती खुर्चीत बसली. विचारते, किती दिवस? तुला हवे तेवढे, मी म्हटलं. आपण दोघं मजा करू. तुला काय हवं ते सांग, काहीही सांग, आणतो.

तिला रडू आलं. मला कळेना यात रडण्यासारखं काय. जवळ घ्यायला गेलो तर पोटाशी उशी धरून बसली, सोडेचना. मग म्हणाली, "बाबा, तू एकटा राहशील ना?"

माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं! असलं बोलायचं नाही, पुन्हा हा शब्द काढलास तर बघ, मी काय केलंय तुझं, तुझी आई गेली तेव्हा मी जगलो तो कुणासाठी? ओरडत होतो आणि रडत होतो. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं. भिंगरी घाबरली नाही, हेच मला सहन होत नाही. तिनं मला पाणी आणून दिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला, मोठ्या बाईसारखा. "बरं, बाबा. नाही बोलणार."

१५ फेब्रुवारी, रविवार

आज तिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ. साखर. डाळ. चहा (खालच्या फळीवर). औषधांचं कपाट रिकामं पाहून तिथेही एक — इथे तुझा चष्मा ठेवत जा.

मग मला वॉशिंग मशीन शिकवलं. मला! मोटरी उघडून परत बसवणाऱ्याला! पांढरे कपडे वेगळे घाल, बाबा, नाहीतर तू सगळे निळे करशील. मी हो हो म्हणत होतो.

दुपारी थोडा वेळ कॉम्प्युटरवर बसली. मी दारात उभा. तिनं मान वळवून पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि बंद केलं. संध्याकाळच्या अहवालात एकच शब्द, मरणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मनाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, बुधवारी सकाळी दहा. त्यांची मदतनीस म्हणाली, मुलीनं काय काय लिहिलंय ते नेमकं घेऊन या. माझ्याकडे नुसते शब्द आहेत. रक्त. मरणे. दुखणे. वाक्य एकही नाही.

फिल्टरच्या कंपनीला चार वेळा फोन केला. चारही वेळा संगीत ऐकलं. माझी पोर चाललीय आणि हे मला बासरी ऐकवतायत!

बुधवारपर्यंत दोन दिवस. दोन दिवस तेवढे निघू देत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं, ती वर्गात शिरेपर्यंत थांबलो, घरी येऊन फोनला चिकटलो. साडेअकराला एक बाई मिळाली. आवाजावरून नुकतीच उठल्यासारखी. मी म्हटलं, मुलीनं काय शोधलंय ते अख्खंच्या अख्खं हवंय, आत्ता, जीवनमरणाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, साहेब, अहवालात अख्खं येत नाही, मुलांचा खासगीपणा असतो. मी तिला खासगीपणावरून चार शब्द ऐकवले. बिचारी ऐकून घेत होती.

मग म्हणाली, "पण तुमच्याकडे विनंत्या आहेत की. त्या नाही पाहिल्या?"

कसल्या विनंत्या? लाल हाताखाली मुलांना एक बटण असतं म्हणे, पालकांना विचारा. ते दाबून मूल दोन ओळी लिहितं, हे पान मला का हवंय ते. ते माझ्या खात्यात येऊन पडतं. मी कधी पाहिलंच नव्हतं. सात वर्षांखालील दाबलं, शिवी टाइप करून पाहिली, यंत्र चालतंय म्हटलं आणि उठलो. लिफ्टच्या बाबतीत असं केलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं मला.

"अकरा आल्यात, साहेब. एकही उघडलेली नाही."

मग त्यांचं काय झालं, मी विचारलं. ती म्हणाली, चोवीस तासांत पालकांनी उत्तर दिलं नाही की आपोआप नकार जातो. तुमच्या नावानं.

फोन ठेवलाय. पान समोर आहे. आता उघडतो.

१७ फेब्रुवारी, पावणेबारा

उघडलं. पहिली नऊ तारखेची.

"बाबा, हे पान उघडू दे. कालपासून मला खालून रक्त येतंय. आईच्या चादरीवर असायचं ना, तसं."

त्या चादरी मी तिच्या नजरेआड धुवायचो. तिनं पाहिल्या होत्या.

पाळी आलीय पोरीला. पाळी! मरण नाही, आजार नाही, काही नाही. घरात सांगायला कुणी नव्हतं, आत्याला फोन करू दिला नाही, कॉम्प्युटरला विचारलं तर माझा लाल हात. म्हणून तिनं मलाच विचारलं. अकरा वेळा. प्रत्येकीच्या खाली तिला दिसणारी तीच ओळ — तुमच्या पालकांनी नाही म्हटलं आहे.

शेवटची रविवारची आहे.

"बाबा, तू सगळं वाचून नाही म्हणतोस, सुरी लपवतोस, रजा घेतलीस. म्हणजे मला आईचंच झालंय आणि तुला सांगवत नाहीये. आता मी नाही विचारणार. तुला रडायचं असलं तर माझ्यासमोर रडलास तरी चालेल."

शाळा सुटायला पाऊण तास आहे. मी आत्ताच निघतो.